आरशावरची गोल खूण

कारखान्यात त्याला सगळे बादशहा म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर 'साहेब' आणि पाठ वळली की बादशहा.

पाण्याच्या नळांना लागणारे पितळी व्हॉल्व्ह बनवायचा तो कारखाना. बादशहा तपासणी खात्यात होता. उत्तरेच्या खिडकीशी त्याचं टेबल, टेबलावर तीन ट्रे. पहिल्यावर 'पास', दुसऱ्यावर 'दुरुस्ती', तिसऱ्यावर 'बाद' असं लिहिलेलं. आलेला नग तो उजेडात धरायचा, आट्यांवरून बोटाचं पेर फिरवायचा, एक डोळा मिटून आरपार बघायचा. मग बहुतेक वेळा तो एकच शब्द उच्चारायचा, "बाद," आणि लाल खडूनं नगावर छोटंसं वर्तुळ काढायचा. बत्तीस वर्षं. 'दुरुस्ती'चा ट्रे सहसा रिकामाच असल्यामुळे त्यात तो आपला जेवणाचा डबा ठेवायचा.

खात्याचा एक नियम होता आणि तो त्याच्या हाडीमाशी खिळला होता. ज्या नगावर एकदा वर्तुळ पडलं, तो परत तपासायचा नाही. ज्यानं काढलं त्यानं पाहूनच काढलं असणार. दुसऱ्याच्या वर्तुळावर शंका घेणं म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांवर शंका घेणं.

निवृत्त झाल्यावर खडू कारखान्यातच राहिला. सवय तेवढी घरी आली. खरं तर ती आधीपासून घरी होतीच. त्यांच्या बाहेरच्या खोलीत सोफा नव्हता. सोफ्याची चौकशी मात्र अकरा वर्षं चालू होती. पाहुणे आले की घडीच्या खुर्च्या उघडत, पाहुणे गेले की खुर्च्या मिटत. मुलीनं आपला नवरा स्वतः निवडला, नोंदणी केली आणि मग फोन केला.

"आधी सांगितलं असतंस तर?" आईनं विचारलं.

"आधी बाबांना दाखवला असता तर मी अजून घरीच असते, आई."

हे बादशहानंही ऐकलं. त्याला त्यात चेष्टा दिसली नाही. जावई पुढे चांगला निघाला, पण तो योगायोग, असं त्याचं मत होतं.

बायको त्याची गंमत करायची. "मला कसं पास केलं यांनी, म्हणून विचारतात लोक," ती शेजारणीला सांगायची. "लग्न झालं तेव्हा हे गोदामात होते हो. तपासणीत नंतर गेले. मी आधीचा माल."

ती बेकरीत काम करायची. पहिली पाळी तिची. पहाटे साडेचारला घरातून निघायची, पाचला भट्टीतून पहिले पाव निघाले की ते मोजून क्रेटमध्ये भरायचे, सहाला दुकानाचं शटर वर. त्या पहाटेच्या चालण्यात तिला तो दिसला. पाण्याच्या टाकीच्या किंचित वर, पिवळसर, एका जागी ठाम. बाकीचे तारे लुकलुकत होते, हा नाही. महिन्याभरात तो टाकीवरून सरकून शाळेच्या छपरावर गेला. मग पहाटे दिसेनासा झाला. तिला उगाचच चुकल्यासारखं वाटायला लागलं. आणि काही महिन्यांनी एका संध्याकाळी, गॅलरीत कपडे काढताना, समोरच्या इमारतीच्या वर तो पुन्हा उभा.

मुलीला फोन लावला. मुलीनं मोबाइलवर बघून सांगितलं, "शनी आहे तो."

"म्हणजे कडीवाला?"

"कडीवालाच. लोकांच्या मागे शनी लागतो आई, तू शनीच्या मागे लागलीयेस."

त्या रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "मला एक दुर्बीण पाहिजे."

बादशहाचा घास हातात राहिला. संसारात बायकोनं मागितलेल्या गोष्टींची यादी लहान होती आणि मिळालेल्यांची त्याहून लहान. तिनं शिलाई मशीन मागितलं होतं. तीन कंपन्यांची तुलना पूर्ण होईपर्यंत तिला शिवणाचा कंटाळा आला. तिनं गॅलरीला जाळी मागितली होती; तोवर कबुतरांची तिसरी पिढी उडून गेली. अलीकडे ती मागत नसे.

"कशाला?" त्यानं विचारलं.

"त्याला कडी असते म्हणतात. खरंच दिसते का ते बघायचंय."

"फोटोत असते."

"फोटो तुम्ही तपासलेत का?"

हा मुद्दा त्याला पटला. त्यानं वही काढली.

वहीत चाळीस पानं भरली. तो चष्म्यांच्या नि दुर्बिणींच्या दुकानात तीनदा जाऊन आला. दुकान एक तरुण बाई चालवायची. तिला त्यानं विचारलेले प्रश्न तिनं नंतर आपल्या नवऱ्याला सांगितले तेव्हा त्याला ते खोटे वाटले. पण इथपर्यंत बादशहाचं काहीही चुकलं नव्हतं. खोक्यावर 'सहाशे पट मोठं दिसेल' असं छापलेल्या दुर्बिणी त्यानं खोक्यासकट बाद केल्या. जो माल स्वतःबद्दल एवढा ओरडतो त्याच्यात खोट असते. बारीक तीन पायांवर उभ्या असलेल्या लांब नळ्या बाद, कारण टिचकी मारली की त्या अर्धा मिनिट थरथरत होत्या. किती पट मोठं दिसतं याला महत्त्व नाही, प्रकाश गोळा करणारा आरसा किती रुंद आहे याला आहे, हे त्यानं स्वतःच शोधून काढलं. मग तो दोनशे मिलिमीटर आरशाच्या, बंबाएवढ्या एका दुर्बिणीवर येऊन ठेपला.

"हे गॅलरीत कोण नेणार?" बायकोनं चित्र बघून विचारलं. "आणि मग मी कुठे उभी राहू? जिन्यात?"

"आरसा मोठा आहे."

"माझ्या तीनच अटी आहेत. एका हातानं उचलता आली पाहिजे, पिठाच्या पोत्यांनी खांदा गेलाय माझा. टेबलावर ठेवता आली पाहिजे. आणि याच जन्मात आली पाहिजे."

म्हणून ती टेबलावरची दुर्बीण ठरली. हातभर लांबीची जाड नळी, खाली लाकडाची गोल बैठक, नळी वरखाली होते, बैठक गरगर फिरते. नळीच्या तळाशी एकशे तीस मिलिमीटरचा आरसा. बाजूला डोळा लावायचं छोटं भोक, त्यात आयपीस, म्हणजे डोळ्यापाशी येणारं छोटं भिंग, बसवायचा. बस. दुकानवाली म्हणाली, "काका, सुरुवात करणाऱ्याला याहून सोपं काही नाही. फक्त टेबल भक्कम ठेवा. टेबल हललं की ग्रह नाचतो." आणि तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. शनी आता रोज थोडा खाली येतोय. आणखी दोनेक आठवडे संध्याकाळी दिसेल, मग मावळतीच्या उजेडात बुडेल. परत येईल तेव्हा कडी आपल्याकडे अगदी धारेवर वळलेली असेल, इतकी पातळ की छोट्या दुर्बिणीतून जवळजवळ दिसायचीच नाही. नीट उघडायला मग पुढे वर्ष-दोन वर्षं.

बादशहानं हे वहीत लिहिलं आणि दुर्बीण घरी आणली.

बायको कामावर होती. त्यानं टेबलावर जुना टॉवेल अंथरला, दुर्बीण आडवी केली आणि तोंडातून बॅटरीचा झोत आत सोडला. आरसा स्वच्छ. कड गुळगुळीत. आणि मग त्याचा हात थांबला. आरशाच्या मधोमध एक छोटंसं वर्तुळ होतं. काळं, वाटाण्याएवढं, बोटाच्या अंगठीसारखं मधे पोकळ.

तो पाच मिनिटं त्याकडे बघत बसला. मग दुर्बीण खोक्यात भरली.

दुपारी बायको आली तेव्हा खोकं दाराशी होतं. "उघडली नाहीत?"

"उघडली. बाद झालेला माल आहे."

"कोणी केला बाद?"

"त्यांच्याच तपासणीवाल्यानं. आरशावर वर्तुळ आहे. यांनी तसाच भरून विकायला ठेवला."

"पण तुम्ही बघून तर बघा. कदाचित बरा असेल."

"दुसऱ्याच्या वर्तुळावर शंका घ्यायची नसते," बादशहा म्हणाला.

दुकानात त्यानं आवाज चढवला नाही. चारचौघांत दुकानदाराची अब्रू काढणं त्याला पसंत नव्हतं. माल परत करण्याच्या कागदावर 'कारण' असा रकाना होता. तिथे त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'आपणांस ठाऊक आहे.' दुकानवालीनं ते वाचलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं, आणि दुसरा नग दिला.

त्याच्याही आरशावर वर्तुळ होतं.

यावेळी कागदावर त्यानं लिहिलं: 'आपणांस ठाऊक आहे. (दुसऱ्यांदा.)' आणि तिसरा नग घेतला नाही. आता दुसऱ्या गावच्या दुकानाची चौकशी करायची होती. वहीचं नवं पान उघडलं.

बायकोनं वहीचं नवं पान पाहिलं. ती चिडली नाही. भाजी निवडता निवडता, देठ बाजूला करत ती म्हणाली, "एक सांगून ठेवते. रागावून नाही सांगत. यावेळी नाही जमलं तर ठीक आहे. पण मग मी तुमच्याकडे पुन्हा काही मागणार नाही."

"असं काय बोलतेस."

"माझं काही बिघडणार नाही हो. मागायचं बंद केलं की वाट बघायचंही बंद होतं. सोपं पडतं."

बादशहानं पेन टोपणात घातलं. मग काढलं. मग परत घातलं.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ती परस्पर त्या दुकानात गेली. बाहीला पीठ होतं.

"ते 'आपणांस ठाऊक आहे'वाले काका," तिनं ओळख दिली, "त्यांची मी बायको."

दुकानवालीनं खणातून दोन्ही कागद काढून समोर ठेवले. "काकू, मी चार दिवस झोपले नाहीये. मला खरंच ठाऊक नाही. काय ठाऊक आहे मला?"

"आरशावर वर्तुळ आहे म्हणे. त्यांच्या कारखान्यात ते बाद मालावर काढायचे."

दुकानवाली हसली नाही. हसू आवरायला तिला वेळ लागला, तेवढंच. तिनं फळीवरच्या तीन दुर्बिणी खाली घेतल्या आणि तिन्हींच्या तोंडात बॅटरी मारून दाखवली. तिन्हींच्या आरशावर वर्तुळ. "हे आरसे जुळवायला असतं, काकू. खालचा मोठा आरसा आणि वरचा छोटा तिरका आरसा एका रेषेत आहेत का, ते या खुणेवरून कळतं. आणि मधल्या भागावर तसंही छोट्या आरशाची सावली असते, त्यामुळे खूण आड येत नाही. काकांना समजावून सांगा."

"त्यांना सांगून पटत नाही. मोजून पटतं."

"मग?"

"त्यांनी पहिल्यांदा परत आणलेली कुठली?"

"ही."

"हीच द्या. आणि ते जुळवायचं कसं असतं, मला दाखवून ठेवा."

दुकानवालीनं दाखवलं. एक प्लास्टिकचं झाकणही दिलं, मधे बारीक भोक असलेलं. आयपीसच्या जागी ते बसवायचं, भोकातून बघायचं, आणि मागचे तीन स्क्रू फिरवून त्या भोकाचं प्रतिबिंब आरशावरच्या वर्तुळाच्या आत आणायचं. "पण शक्यतो छेडू नका. आरसा खोलला तर आम्ही परत घेत नाही. आणि आज शुक्रवार. रविवारपासून ढग आहेत म्हणतात. ढग जातील तोवर हा मावळतीत गेलेला असेल. म्हणजे आज नाहीतर उद्या."

त्याच दुपारी तिनं दुर्बीण टेबलावर ठेवली, एका हातानं. बादशहानं आत बॅटरी मारली आणि ओळखली. "ही पहिलीच. बाद झालेली."

"असेल. मला एवढंच सांगा, ते वर्तुळ बरोबर मध्यावर आहे का?"

"मध्यावर असलं काय, नसलं काय."

"तुम्ही तुमची वर्तुळं कुठे काढायचात?"

"कुठेही. हात जाईल तिथे. दिवसाला हजार नग, मध्य कोण शोधत बसणार." बोलता बोलता तो थांबला.

बायको स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून तिला खण उघडल्याचा आवाज आला, मग स्क्रू-ड्रायव्हरचा. ती धावत बाहेर आली तेव्हा आरसा नळीतून निघून टॉवेलवर आला होता.

"अहो, खोललात? खोललेली परत घेत नाहीत ते."

"मोजायचं होतं ना?" तो म्हणाला. काचेला स्पर्श न करता, त्याच्या जुन्या मोजमापाच्या कॅलिपरची टोकं वरच्या वर धरून, त्यानं कडेपासून वर्तुळापर्यंत चारही बाजूंनी अंतर घेतलं. आकडे कागदावर लिहिले. पुन्हा घेतले.

"किती?"

"चारही बाजूंनी सारखं." त्यानं कॅलिपर खाली ठेवला. "अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही."

तिनं आकड्यांचा कागद उचलून पाहिला.

"बाद करणारा माणूस एवढी मेहनत घेत नाही," बादशहा हळूच म्हणाला. "हे जपून काढलेलं आहे. ज्याला हा माल चालवायचाय त्यानं काढलेलं आहे." मग बराच वेळ तो आरशाकडे पाहत राहिला. त्यात खोलीचं छत दिसत होतं आणि छताच्या मधोमध ते वर्तुळ. "दोन चांगले नग परत केले मी," तो म्हणाला. बत्तीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

"एकच. दुसरा हा इथे आहे. खोललेला."

आता परत जायची वाट नव्हती. आरसा पुन्हा नळीत बसला, पण जुळणी गेली होती. तिनं झाकण दिलं, शिकून आलेली रीत सांगितली. गॅलरीत पूर्वी धुण्याचं मशीन जिच्यावर असायचं ती लोखंडी घडवंची होती, ती हलत नव्हती. तिच्यावर दुर्बीण ठेवली. सूर्य गेला. समोरच्या इमारतीच्या वर तो पिवळसर ठिपका लागला. बादशहा दुर्बिणीच्या मागे वाकून तीन स्क्रूंशी झटत होता. एकाला वळवलं की दुसरे दोन रुसत.

"आलं का?"

"डावीकडे जातंय."

"आता?"

"आता फारच उजवीकडे."

ती उभी होती. पहाटे चारला उठायचं होतं, पण ती उभी राहिली. पावणेआठला ठिपका समोरच्या गच्चीच्या कठड्यामागे गेला. बादशहानं मान वर केली. "गेला?"

"गेला."

"उद्या," तो म्हणाला. ती "हं" म्हणाली आणि आत गेली. त्या 'हं'मध्ये काय होतं ते त्याला तपासता आलं नाही.

शनिवारी त्यानं दुपारपासूनच सुरुवात केली. दूरच्या मोबाइल टॉवरवर दुर्बीण रोखली. टॉवर उलटा दिसला. आरशाच्या दुर्बिणीत तसंच दिसतं हे वहीत होतं, म्हणून त्यानं ते सोडून दिलं. चारला भोक वर्तुळाच्या कडेला आलं. पाचला आत आलं. सहाला त्यानं ते आणखी मध्यावर न्यायला म्हणून एक स्क्रू फिरवला आणि ते पुन्हा बाहेर गेलं. अंधार पडता पडता ते परत आत आलं, अगदी मध्यावर नाही, किंचित खाली.

"झालं?" बायको दारात होती.

"जवळजवळ. अजून पाव फेरा दिला की..."

"सव्वासात वाजलेत."

त्यानं वर पाहिलं. ठिपका कठड्यापासून चार बोटं वर होता. स्क्रूवर त्याची बोटं तशीच होती. पाव फेरा बरोबर गेला तर आरसा अचूक बसणार होता. चुकला तर आजची संध्याकाळ गेली, आणि आजच्यानंतर ढग. बायको पदराला हात पुसत होती आणि हात कोरडेच होते.

बादशहानं स्क्रूवरून हात काढला. झाकण काढून आयपीस बसवला, नळी ठिपक्याकडे वळवली, फिरकीनं चित्र स्पष्ट केलं आणि बाजूला झाला. स्वतः नीट पाहिलं नाही.

ती वाकली.

"दिसतंय?"

"थांबा."

"नीट आहे का? कडा फाकतायत का?"

"थांबा हो जरा."

समोरच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं. खाली एक स्कूटर दोनदा सुरू होऊन बंद पडली. तिनं डोळा काढला नाही. ग्रह सरकत होता तशी ती एका बोटानं नळी ढकलत होती, भट्टीतला ट्रे पुढे सारावा तशी, अंदाजानं.

"मण्यातून सुई आरपार गेलीये," ती शेवटी म्हणाली. "एवढुसा मणी. दोन्ही बाजूंनी सुई बाहेर. खरीच आहे." मग सरकून म्हणाली, "बघा."

त्यानं पाहिलं. मणी होता. सुई होती. सुईचं एक टोक जरासं पसरट दिसत होतं. तो खालच्या स्क्रूचा दोष होता, पाव फेऱ्याचा. त्याचा हात मागे गेला.

"बाद?" तिनं विचारलं.

त्याचा हात स्क्रूपाशी थांबला. मग खिशात गेला. "दुरुस्ती," तो म्हणाला. "ती नंतर करता येते." आणि पुन्हा तिला जागा दिली.

कठड्यानं ठिपका गिळला तेव्हा ती सरळ झाली आणि कंबरेवर हात ठेवला. "वाकून वाकून पाठ धरली. याच्यापुढे बसून बघायला एक स्टूल पाहिजे मला."

बादशहा नळीवर टोपण लावत होता. तो थांबला. "काय म्हणालीस?"

"स्टूल. बसायचं."

"पाहिजे म्हणालीस."

"हो. पाहिजे म्हणाले."

त्यानं वही उचलली नाही. रविवारी सकाळी फर्निचरच्या दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा तो पायरीवर उभा होता. साडेदहाला घरी आला. स्टूल त्यानं गॅलरीत घडवंचीपाशी ठेवलं. वर ढग होते.

बायको बसली, जरा मागे झुकली, जरा पुढे. "हे डुगडुगतंय. एक पाय आखूड आहे."

"हो," बादशहा म्हणाला. "दुकानातच पाहिलं मी." आणि पुठ्ठ्याची घडी करून तो पायाखाली सारायला खाली बसला.